ओली कुंडी

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बहीणभाऊ बसले होते. शेजारच्या बाईंना ऐकू जाऊ नये म्हणून ते हळू बोलत होते, आणि म्हणूनच बाईंचे कान तिकडे लागले होते.

"आत जायच्या आधी बाबा मोगऱ्याचं विचारतील. छान आहे म्हण."

"वाळलाय गं, ताई."

"बाबा दवाखान्यात असताना उन्हाळाभर एक कुंडी सांभाळता आली नाही तुला? आईच्या हातचं तेवढंच उरलं होतं."

"दिवसातून तीनदा पाणी घालत होतो."

"आणि तरी वाळला?"

"दुपारी झाड मान टाकायचं. मला वाटायचं, तहानलंय. मग आणखी ओतायचो. काल माती उकरली तर खाली नुसता चिखल. मुळं कुजलीत."

"म्हणजे बुडवून मारलास."

"तू फोनवरून 'पाणी घाल, पाणी घाल' करत होतीस, तेव्हाही बुडवतच होतो."

"बरं, बरं. पण आत्ता बोलू नकोस. मन खचू देऊ नका म्हणालेत डॉक्टर."

तेवढ्यात वडिलांचं स्ट्रेचर आलं.

"मोगरा कसाय रे?"

"मस्त आहे, बाबा," ताई म्हणाली.

"तू कुठे घरी होतीस? त्याला बोलू दे."

"बाबा, पाणी जास्त झालं. मुळं कुजली."

म्हाताऱ्याने मान त्याच्याकडे वळवली.

"खोड नखाने खरवडलंस? आतून हिरवं आहे का?"

"नाही बघितलं."

"मग मेला कशावरून म्हणतोस? जा, बघ. चिखल काढून कोरड्या मातीत लाव, सावलीत ठेव. आणि मी बाहेर येईपर्यंत पाण्याला हात लावू नकोस."

दार बंद झालं.

"जा तू. मी बसते इथे. शुद्धीवर आले की पहिलं तेच विचारतील."

"आणि हिरवं नसलं तर?"

"तर तसंच सांगू."