विलासने पाहिलेला कडा

आमचा विलास लेकीकडे इंग्लंडला जाऊन आला, तेव्हापासून त्याच्या परळच्या चाळीत नुसता चहा मिळत नाही. आधी समुद्रकाठच्या चुनखडीच्या कड्यांचे फोटो बघावे लागतात.

"बघ, कसला पांढराशुभ्र आहे! पण आत पाणी मुरतं रे. चुना विरघळतो, भेगा पडतात आणि एक दिवस अख्खा तुकडा धपकन खाली."

"आपल्या मोरीच्या छतासारखा," वहिनी आतून म्हणाल्या.

विलासने ऐकलंच नाही. "आणि त्या कड्यावर एक म्हातारा राहतो. दारापुढे हातभर जमीन उरलीय, सरकारने धोक्याचा बोर्ड लावलाय, तरी घर सोडत नाही. म्हणतो, मी आहे तोवर नाही पडत. आता या येड्याला काय सांगायचं?"

तेवढ्यात वरून एक पोपडा सुटला आणि थेट त्याच्या बशीत पडला. विलासने तो चिमटीत धरून खिडकीबाहेर टाकला आणि बशी तोंडाला लावली.

मी म्हटलं, "अरे, तुमच्या जिन्यात पण 'धोकादायक इमारत' असा बोर्ड लागलाय. खोली कधी सोडताय?"

"सोडताय? हॅट! मी आहे तोवर नाही पडत ही चाळ."