श्रीधरने शिकवलेलं ‘नाही’

आज कामाचा दिवस. तरी तुम्ही सगळे श्रीधरला निरोप द्यायला एवढ्या लांब, सिंगापूरच्या या टोकाला यिशुनला, आमच्या ब्लॉकखाली आलात. मला चार लोकांत बोलायची सवय नाही. घरात बोलायचं काम श्रीधर करायचा.

माझा नवरा नक्की काय करतो, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना कळत नसे. इंजिनिअरची नोकरी सोडून तो इथल्याच तांजोंग पगार भागातल्या एका छोट्या संस्थेत गेला. ज्या देशांत पूर्वी कम्युनिस्ट राजवट होती, तिथल्या गावांत ही संस्था लोकांना एकत्र यायला शिकवायची. शाळेसाठी, पाण्यासाठी मंडळ कसं काढायचं, सभा कशी घ्यायची. एवढंच.

तो सांगायचा, तिथे सभेत काहीही विचारा, सगळे हात एकदम वर. मग हा म्हणायचा, “एकाने तरी नाही म्हणा. तोवर चहा नाही.” एकदा गुलनारा नावाच्या शिक्षिका उठल्या. म्हणाल्या, “माझं ‘नाही’. मला चहा हवाय.” हे सांगताना श्रीधर किती हसायचा. आमची सई इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणायची, “पप्पा, ट्राय इट ॲट होम लाह.” तो म्हणायचा, “इथे गरज नाही. तुझी आई आहे.”

पुढे गुलनाराबाईंनी खरंच नाही म्हटलं. त्यांची शाळा बंद करायचं ठरलं तेव्हा, भर सभेत, एकट्यांनी. शाळा बंद झालीच. त्यांची नोकरी गेली. मग तिथल्या सरकारने बाहेरच्या संस्थांवरच बंदी घातली. मंडळं एकेक करून मोडली. इथलं ऑफिसही बंद झालं. गुलनाराबाईंचा फोन लागेना. त्या कुठे गेल्या, कुणी सांगेना.

श्रीधर रोज जेवायच्या आधी फोन लावायचा. मी म्हणायचे, “अरे, आधी जेव.” एकदा म्हणाला, “मी शिकवायचो आणि विमानात बसून तुमच्याकडे यायचो. त्यांना तिथेच राहायचं होतं. मला हे आधी कळायला नको होतं का?”

मी त्याच्या पानात भात वाढला.

मघाशी कुणीतरी म्हणालं, श्रीधरचं काम मागे राहील. तुम्ही प्रेमाने म्हणालात. पण काम राहिलेलं नाही. त्याला ते ठाऊक होतं. ते मनात घेऊनच तो गेला.

आता आपण थोडा वेळ शांत उभं राहू या. श्रीधरसाठी काही मागू नका. गुलनाराबाई असतील तिथे सुखरूप असोत, एवढंच मनात म्हणा.