पोट हलतंय

नारायणगडावर काल्याचं कीर्तन झालं. डोळे अजून ओलेच होते. प्रसादाच्या रांगेत माझ्यापुढं एक म्हातारी आणि तिच्या लेकाचा दोस्त बोलत होते.

"रामा, तुझा त्यो खुनाचा पिच्चर पुन्हा पाह्यला बाबा."

"कसा वाटला, मावशी?"

"रगत लई खोटं, कुकवाची पिंजर कालवल्यावानी. अन् त्यो तोंडाला पोतं बांधलेला कशापायी मारत सुटलाय, तेबी कळत न्हाई."

"पैसाच नव्हता. पर भ्या वाटलं का न्हाई?"

"वाटलं की! आमचा हरिओम 'माय गं' म्हणून वरडला, तवा मी उठूनच उभी राह्यले."

"समदे त्याच्या वरडण्याचंच नाव काढतेत. पर चूकबी त्याचीच हाय. मरून पडलाय, अन् पोट हलतंय. तेवढं कापून टाकतो आता."

"नको रे."

"मावशी, मेलेला माणूस श्वास घेतो व्हय?"

"पिच्चर झाल्यावर लेक खराच गेला माझा. अंगणात आणून ठेवला, तवा त्याच्या पोटाकडंच बघत बसलते. न्हाई हललं. तुझ्या पिच्चरात हलतंय, तर हलू दे."

"लोक हसतेत, मावशी."

"हसू दे."