सुताराविना सहल

हे कोणी खरं मानणार नाही, आणि माझा आजवरचा लौकिक पाहता मानूही नये. पण हाडांच्या डॉक्टरकडे ताटकळताना मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. शेजारी प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून एक सुतार बसला होता, आणि त्याच्या सोबतीला त्याचा जुना दोस्त, शिंपी.

“मग, झाली का रविवारची भटकंती?”

“कसली भटकंती! तू नाहीस म्हटल्यावर प्रेतयात्राच ती. टेकडी चढलो, उतरलो, कुणी हसलं म्हणून नाही.”

“कुणीच नाही?”

“वाटेत एक गाढव ओरडलं, तेवढीच करमणूक.”

“आणि संध्याकाळी रस्सा कुणी केला? वीस वर्षं तो मीच करतोय.”

“आपल्या मास्तरांच्या मेव्हण्यानं.”

“तो? काल-परवा आलेला? माझ्या जागेवर बसून?”

“बसला बिचारा. पण बटाटे इतके कच्चे, की आम्ही त्यांच्या गोट्या खेळलो!”

“खरं सांग. बोटं चाटलीत ना?”

“तुझी शपथ! एकाच्याही घशाखाली घास उतरला नाही. सगळे उपाशी घरी गेले.”

“असं होय! आज पायाला जरा आराम वाटतोय बघ.”

“वाटणारच. बरं, या रविवारी तुझं ते मोठं पातेलं देशील का?”

“ते कशाला?”

“त्याच्या छोट्या पातेल्यातला रस्सा पुरला नाही रे.”

“शिंप्या, उपाशी राहायला मोठं पातेलं लागतं होय?”