पचनाचे खडे

हसू नका, माझं डोकं अजून तापलेलंय. आमचा अ‍ॅक्झोलॉटल, म्हणजे तो पाण्यातला चार पायांचा प्राणी, त्याची टाकी घेताना दुकानदाराला मी तीनदा विचारलं, "खाली हे बारीक खडे चालतील ना?"

"बिनधास्त घाला, वहिनी!"

आठवड्यात त्याने खाण्याबरोबर खडे गिळले आणि पोट फुगून निपचित पडला. अख्ख्या रत्नागिरीत त्याला बघणारा डॉक्टर मिळेना. दुकानदाराला फोन केला, तर म्हणतो, "कोंबडी नाय गिळत खडे? उलट पचन सुधारतं!"

चौथ्या दिवशी बिचाऱ्याने पाच खडे बाहेर टाकले. मुद्दाम न धुता घेऊन मी दुकानात गेले. दुकानदार चहा पीत होता. पाचही खडे त्याच्या बशीत ठेवले.

"घ्या भाऊ, पचन सुधारतं."