ड्रॅगनला दंतमंजन

...नाही, स्वच्छता चांगलीच हो, स्वच्छतेला कोण नाही म्हणतंय, पण घरात एखादी वस्तू तरी कळकट राहू द्यावी की नाही? तुम्हाला सांगतो, आमच्या हिला, किनूएला, काळं काही दिसलं की तिचे हात शिवशिवतात. चहाची किटली घासून झाली, देव्हाऱ्यातली घंटा घासून झाली, मग राहिलं काय, तर माझ्या वडिलांचं चांदीचं येन. मेइजी राजाच्या काळातलं, एका अंगाला ड्रॅगन, वर काळपट निळी झाक. ओसाकाचे नाणीवाले कुरेमात्सू एकदा ते बघून गेले होते, म्हणाले, "सुगिमोरीसान, विकायचं मनात आलं तर आधी माझ्याकडे या."

मनात आलं. लग्नाला चाळीस वर्षं होत होती, हिला किनोसाकीला न्यायचं, गरम झऱ्यात डुंबायचं, खेकडे खायचे, असा बेत. तिला म्हटलं, नाणं विकतोय. तर म्हणते, "असलं घाणेरडं घेऊन जाणार? लोक म्हणतील, सुगिमोरींच्या घरात पाणी नाही." मला वाटलं, नुसतं बोलण्यापुरतं...

ओसाकाला कुरेमात्सूंनी मखमल अंथरली, हातमोजे चढवले, मी हिनं बांधून दिलेली पुडी सोडली, आणि काय सांगू, नाणं नव्या कोऱ्या चमच्यासारखं लखलखीत! ते भिंगातून बघत राहिले, डॉक्टर वाईट बातमी द्यायच्या आधी बघतात ना, तसे. मग नाक जवळ नेलं.

"पुदिना," म्हणाले. "दंतमंजनानं घासलंय कोणीतरी. हे बारीक ओरखडे बघा. खवले गुळगुळीत झालेत. ती झाक शंभर वर्षांत चढली होती, गिऱ्हाईक तिचेच पैसे देतं."

"परत चढेल का हो?"

"चढेल की. शंभर वर्षांनी या." मग जरा वरमले बिचारे. "पण एक सांगतो, इतकं स्वच्छ नाणं मी उभ्या जन्मात पाहिलं नाही."

आता त्याला नुसत्या चांदीचा भाव. किनोसाकी गेलं, फार तर स्टेशनवर दोघांच्या उदोनच्या शेवया झाल्या असत्या, वर तळलेली कोळंबी घालून. मी नाणं उचललं नि गाडीत बसलो. स्वच्छता चांगलीच हो, पण...

दारातच ही. "काय म्हणाले?"

"म्हणाले, इतकं स्वच्छ नाणं उभ्या जन्मात पाहिलं नाही."

"बघा! मग विकलं का नाही?"

"देववेना."

"बरं केलंत. सासूबाईंनी मला दाखवलं होतं तेव्हा नुसता काळा डाग दिसायचा. ड्रॅगनला मिशा आहेत, हे मला काल घासताना कळलं." आणि तिनं ते देव्हाऱ्यात वडिलांच्या फोटोशेजारी ठेवलं. आता खोटं कशाला बोलू, शोभत होतं.

किनोसाकी नाही तर नाही, घरच्या न्हाणीत पाणी कढत होतं. खरखरीत पंचा घेऊन ही माझी पाठ घासायला बसली, आणि घासते म्हणजे काय, सालटं काढते...

"दुखतंय का हो?"

म्हटलं, घास बाई. माझा भाव आता आणखी काय पडणार.