गीतांजलीने काढलेला नकाशा

...बरं, मसण खोडायचं तर खोडा, लग्नाच्या पत्रिकेत कोणाला पाहिजे ते, पण मी म्हणतो, रस्ता कशाला खोडायचा? आता तुम्हाला सांगतो, नकाशा मात्र सुंदर होता. माझ्या भाचीने, गीतांजलीने, स्वतःच्या लग्नपत्रिकेच्या पाठीमागे स्वतःच्या हाताने काढलेला. परतवाड्याचं एसटी स्टँड एवढंसं आणि तिची शाळा त्याच्या दुप्पट, कारण शाळेत तिला बक्षीस मिळालं होतं, स्टँडवर कोण देते? स्टँडपासून शाळा एक बोट, शाळेपासून मंगल कार्यालय एक बोट. पहिलं बोट मी पान चघळत चाललो, दुसऱ्या बोटात चपलेचा अंगठा तुटला, तरी कार्यालय दिसेना...

घाई होती हो. आमच्याकडे मुलीला मांडवात मामा आणतो, आणि पोरीने वरूडला माझ्या घरी फोन करून बजावलं होतं, "मामा, तुमी आल्याबिगर मी खोलीतून निघत नाही." ती तसंच करणारी आहे.

आता झालं कसं, ते मला मागाहून कळलं. शाळेपुढचं पहिलं वळण मसणात जाते, दुसरं कार्यालयात. पोरीने दोन्ही काढले होते. पण माझी बहीण आशाबाई, म्हणजे तिची आई, पाहून म्हणाली, "काय व माय, शुभकार्याच्या पत्रिकेत मसण? खोड ते." पोरीने खोडलं. मग नुसता रस्ता उरला, कुठेच न जाणारा, वाईट दिसत होता, म्हणून तोही खोडला आणि तिथे फळांनी लदबदलेलं संत्र्याचं झाड काढलं. खाली लिहिलं, शाळेनंतर पहिलं वळण. कागदावर आता कार्यालयाचं वळणच पहिलं राहिलं होतं ना... झाड काय हुबेहूब होतं पण! नकाशा सुंदरच होता.

तर मी नवा फेटा बांधून मसणात उभा. तिथले लाकडंवाले नत्थुजी मला खालून वर पाहतात, "बाप्पा, इथं फेटा बांधून कोनी येते काय?" मी त्यांना पत्रिका दाखवतो, तोच मागून बँड. अकोल्याची वरात, फुलांची गाडी, आत नवरदेव शिवम, सगळे त्याच वळणाने आत. फाटक दिसलं आणि बँड एकेक वाजंत्री करत बंद पडला.

नवरदेवाचे वडील पंजाबराव खाली उतरले. चेहरा लाल. "पोराची वरात मसणात आणली! कोनं काढला हा नकाशा? नाव सांगा, मंग पाहू लग्नाचं."

मला सांगा, पोरीला अजून त्यांचा उंबरठाही ओलांडायचा होता, आणि जन्मभर त्या घरात ऐकून घ्यायचं...

"मी काढला," म्हटलं.

"शिकले किती तुमी?"

"चौथी."

"दिसूनच राह्यलं," पंजाबराव म्हणाले, आणि राग जरा उतरला. माझ्या चौथीचा एवढा उपयोग पहिल्यांदाच झाला. नत्थुजी पुढे झाले, त्यांनी रस्ता दाखवला, मी बँडच्या गाडीत वाजंत्र्यांच्या मधे बसलो, मांडीवर ढोल. पोरीला हात धरून मांडवात आणलं. कानात हळूच सांगितलं, नकाशा मी काढला आहे, लक्षात ठेव. ती हसतच सुटली, सारे म्हणाले, नवरी किती खुश आहे.

इथवर ठीक होतं. पण जेवताना विहीणबाईंनी पत्रिका उलटून पाहिली, मग पंजाबरावांना दाखवली, म्हणाल्या, "अहो, रस्ता चुकला जाऊ द्या, पन काय सुंदर काढला हो मामाजींनी!" पंजाबरावांनीही चष्मा लावून पाहिलं, आणि माझ्या ताटात स्वतःच्या हाताने जिलेबी वाढली. त्यांच्या धाकटीचं लग्न आहे येत्या उन्हाळ्यात. नकाशा मामाजींनीच काढायचा, असं पंगतीतच ठरलं.

तेव्हापासून रोज सकाळी पाटी घेऊन बसतो. अकोल्याचं एसटी स्टँड काढून पाहतो... अजून तरी गोठ्यासारखंच दिसते.